मुख्य दार आणि दारातली जागा : घर बांधणाऱ्यांचे आणि फ्लॅट घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरं बांधण्याची आणि जुनी घरं दुरुस्त करण्याची कामं मी करते. घरमालक पहिल्या भेटीत मोबाईलमधला एका सुंदर दाराचा फोटो दाखवतात आणि असंच दार हवं म्हणतात. माझा उलटा प्रश्न असतो : या दारातून रोज कोण कोण येणार आणि येताना त्यांच्या हातात काय असणार? खालची उत्तरं बहुतेक याच प्रश्नातून निघालेली आहेत.

सुरुवात कुठून करायची? दाराची डिझाइन आधी ठरवायची ना?

नाही, डिझाइन सगळ्यात शेवटी. सध्या राहता त्या घराच्या दारात आठवडाभर काय काय घडतं ते आधी कागदावर लिहा. दूधवाला पिशवी कुठे अडकवतो? भाजीच्या दोन पिशव्या हातात असताना किल्ली कशी काढता? मुलं शाळेचे बूट कुठे बसून घालतात? ओली छत्री कुठे जाते? आजी चपला काढताना कशाला धरतात? पार्सलवाला आला की दार किती उघडता? हळदीकुंकवाला वीस जणी आल्या तर चाळीस चपला कुठे मावतात?

हा कागद तयार झाला की निम्मे निर्णय आपोआप होतात. आजी दाराच्या मुठीला धरून चपला काढत असतील, तर तिथे भिंतीत एक पक्का दांडा आणि बसायला जागा हवी, हे कळायला वास्तुविशारद लागत नाही.

दाराची रुंदी किती ठेवावी? बिल्डर तीन फूट पुरेसं म्हणतो.

तीन फूट म्हणजे कशाचे, ते आधी विचारा. चौकटीचं बाहेरून बाहेर माप तीन फूट म्हणजे ३६ इंच असेल, तर दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच इंचांच्या उभ्या बाह्या वजा करून ३१ इंच उरतात. काटकोनात उघडलेलं दार त्यातला आणखी दीड इंच खातं. हातात येतात साडेएकोणतीस इंच. साधी चाकाची खुर्ची २५ ते २७ इंच रुंद असते आणि ती ढकलत आत न्यायची तर चाकांवरच्या हातांची बोटं चौकटीला घासतात. चौकट साडेतीन फुटांची घेतली तर हाच हिशेब पस्तीस-साडेपस्तीस इंचांवर येतो आणि खुर्ची सहज जाते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या वडिलांना मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आणलं तेव्हा आमच्याच दारात खुर्ची अडली. दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. स्वाभिमानी माणूस, ते काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने बाहेर पडायचं नावही त्यांनी काढलं नाही. तेव्हापासून नव्या घराचं मुख्य दार साडेतीन फुटांपेक्षा लहान मी काढत नाही. फ्रिज, सोफा, दिवाण हेही याच दारातून येतात. आणि कधीतरी स्ट्रेचरही याच दारातून न्यावं लागतं. ते साधारण साडेसहा फूट लांब असतं, म्हणून दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ते वळेल का, हेही पाहून ठेवा. उंचीला सात फूट पुरतात.

लाकूड कोणतं घ्यावं? सागवानच हवं का?

परवडत असेल तर मुख्य दारासाठी सागवानच, असं माझं स्पष्ट मत आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला लवकर धरत नाही. त्याहून मोठा गुण म्हणजे पावसाळा-उन्हाळ्याच्या फेऱ्यात ते इतर लाकडांच्या मानानं कमी फुगतं आणि कमी आकसतं. आपल्याकडचा उत्तम साग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतूनच साग गेला, हे अनेकांना आठवत असेल.

पण ‘सागवान’ एवढा एक शब्द ऐकून पैसे देऊ नका. झाडाच्या गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी असतं आणि गुण सगळे त्यातच. सालीजवळचं पांढुरकं लाकूड सागाचंच असलं तरी वाळवी ते आनंदानं खाते. पॉलिश चढल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून पॉलिशच्या आधी उजेडात जाऊन प्रत्येक फळी उलटीपालटी करून बघा. पांढरी कड दिसली तर ती कापून टाकायला सांगा. आफ्रिकेतून येणारा सागही बाजारात भरपूर आहे. तो वाईट असतो असं नाही, पण बऱ्याचदा लवकर वाढलेल्या लागवडीतला असतो, त्याचा रंग फिका आणि रेषा विरळ असतात. त्याला देशी सागाचा भाव देऊ नये.

दुसरी तपासणी ओलाव्याची. लाकूड नीट वाळवलेलं असलं पाहिजे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, मोठ्या वखारीत ते असतंच. देशावर १० ते १२ टक्के आणि कोकणात १२ ते १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. १८-२० टक्के दाखवलं तर ते लाकूड दारासाठी अजून तयार नाही. सुतार घाई करत असला तरी थांबा.

आता हिशेब. साग घनफुटावर विकला जातो. दाराचं पान, म्हणजे उघडमीट होणारा भाग, साडेतीन बाय सात फुटांचं आणि दीड इंच जाडीचं असेल तर साधारण ३ घनफूट. पाच इंच बाय अडीच इंच मापाची चौकट, तिन्ही बाजू मिळून अठरा फूट धरली, तर दीड घनफुटाच्या थोडी वर. म्हणजे साडेचार घनफूट झाले. कापणी, रंधा, सांधे यात पाव भाग तरी जातो, म्हणून सहा घनफुटांच्या आसपास लाकूड आणावं लागतं. कुणी तुम्हाला दहा घनफुटांचं बिल दिलं तर उरलेलं लाकूड कुठे आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

साग परवडत नसेल तर चौकट सागाची आणि पान चांगल्या फ्लश डोअरचं (दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेलं सपाट दार), हा सगळ्यात शहाणा मधला मार्ग. चौकट बदलायची म्हणजे भिंत फोडावी लागते. पान चार स्क्रू काढून बदलता येतं.

फ्लश डोअर मुख्य दाराला चालतं का?

चालतं, पण भरीव घ्या. बोटानं टकटक केली की पोकळ दार लगेच सांगतं. भरीव फ्लश डोअरच्या मानकाचा क्रमांक आयएस २२०२ आहे. हा आकडा आणि आयएसआयची खूण दाराच्या कडेवर छापलेली असते. मुख्य दाराला जाडी ३५ मिलिमीटरच्या खाली नको. वरून प्लाय लावणार असाल तर ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नका, तो कुणीही छापतो. आयएस ७१० हा क्रमांक बघा. शेवटी सगळा फरक डिंकात आहे, पाण्यात उकळलं तरी न सुटणारा डिंक हवा.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराचं पाणी चिपळूणच्या घराघरात शिरलं, त्यानंतर काही घरं बघायला मी गेले होते. स्वस्त डिंकाची फ्लश डोअर्स वहीच्या पानांसारखी सुटली होती, हातानं थर निघत होते. त्याच आळीतल्या एका घराचं जुनं सागवानी दार चिखलानं माखलं होतं, तेवढंच. धुऊन, सावलीत महिनाभर वाळवून ते पुन्हा त्याच चौकटीत बसलं. पुराच्या पट्ट्यात घर असेल तर दाराच्या निर्णयात ही गोष्ट सगळ्यात वर ठेवा.

दर पावसाळ्यात आमचं दार अडकतं. सुताराला बोलावून कड तासून घेऊ का?

ऐन जुलैत तासू नका. हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगलेलं असतं. आज तासलं तर मार्चमध्ये तिथे फट पडेल आणि आतला दिवा बाहेरून दिसेल.

आधी बिजागऱ्या बघा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन पान खाली झुकलेलं असतं आणि दोष पावसाला जातो. स्क्रू काढून भोकात सागाची काडी डिंकासकट ठोका आणि लांब स्क्रू लावा. बऱ्याच वेळा एवढ्यानं काम होतं.

खरं कारण मात्र सहसा वेगळंच निघतं. दाराची वरची आणि खालची कड कुणी पॉलिश केलेली नसते. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कारागीर त्या सोडून देतो आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच, कारण तंतूंची उघडी टोकं पानाच्या उभ्या फळ्यांच्या त्या टोकांना असतात. दार बसवण्याआधी सहाही बाजूंना सारखाच हात बसला पाहिजे, हे कामाच्या कागदावर लिहून घ्या. बसवलेल्या दाराची वरची कड स्टुलावर चढून आरशात बघता येते. खालच्या कडेसाठी हिवाळ्यात एकदा पान उतरवा, सुकलेल्या दाराला गरज असेल तेवढंच तासा आणि कड बंद करा.

नवं दार बसवताना महिना लक्षात ठेवा. मे महिन्यात बसवत असाल तर बाजूला तीन मिलिमीटर फट सोडा, पुढे पाऊस आहे. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर फट कमी ठेवा, ते आणखी फारसं फुगणार नाही.

आमचं घर रत्नागिरीकडे, समुद्रापासून जवळ. काय वेगळं करावं?

वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यात खारा वारा, म्हणजे लाकडाआधी लोखंड मरतं. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू, सगळं पितळेचं किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या. एरवी ३०४ चालतं, पण खाऱ्या हवेत त्यावरही तांबूस ठिपके येतात. बिजागरी चांगली आणि स्क्रू साधा लोखंडी, ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता स्क्रू मी स्वतः तपासते.

वाळवीसाठी चौकटीचा जो भाग भिंतीत आणि जमिनीत जातो त्याला डांबराचा हात द्या. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावण्याची पद्धत आहे आणि ती खरंच उपयोगी आहे. होड्यांनाही ते लावतात. फक्त हातमोजे घालून लावा, कातडी भाजते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाह्यांची टोकं थेट मातीला किंवा ओल्या कोब्याला टेकू देऊ नका. खाली दोन-तीन इंच दगड ठेवून त्यावर चौकट उभी करा. जुन्या घरांमध्ये जांभ्यावर उभ्या असलेल्या चौकटी बघा, तेच केलेलं आहे.

लोखंडी किंवा स्टीलचं तयार दार कसं?

वाळवी नाही, फुगणं नाही, दुकानातून चौकटीसकट येतं. फ्लॅटसाठी ठीक. बंगल्याला पश्चिमेच्या उन्हात ते तापतं, आणि आपटताना आवाज मोठा होतो. पत्र्याची जाडी आणि आत काय भरलंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोन पानांचं दार छान दिसतं. घ्यावं का?

साडेचार-पाच फूट जागा असेल तर घ्या. साडेतीन फुटांत दोन सारखी पानं केली तर रोज पावणेदोन फुटांतून तिरकं होऊन जावं लागतं. हौस असेलच तर एक पान मोठं, एक लहान करा. रोज मोठं उघडायचं, लहान फक्त सोफा आणि लग्नघराच्या दिवशी.

सेफ्टी डोअर लावावं की एकच भक्कम दार पुरे?

दोन दारांची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला असेल : हत्तीनं धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेली प्रचंड पानं आणि त्यातच माणसापुरती दिंडी. वाडा १७३२ साली उभा राहिला, तेव्हाही रोजच्या जाण्यायेण्यासाठी सगळा दरवाजा उघडत नसत. गावोगावच्या वाड्यांना अशी दिंडी असे. आलेला माणूस कोण ते बघायचं, बोलायचं, मग ठरवायचं. आज फ्लॅटचं जाळीचं दार हेच काम करतं. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी आतलं दार उघडं ठेवून वारा घेता येतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी मी ते लावायलाच सांगते.

दोन गोष्टी आधी ठरवा. चौकट किमान पाच इंच खोल हवी आणि तिला दोन्ही बाजूंनी खाच हवी, तरच दोन दारं बसतात. चार इंचांच्या चौकटीत दुसरं दार घातलं की पहिल्याची मूठ त्याला आपटते. दुसरं म्हणजे बाहेर उघडणारं जाळीचं दार शेजाऱ्यांच्या दारावर किंवा जिन्याच्या वाटेत येता कामा नये. जाळी घेताना वरच्या निम्म्या भागात बारीक डासांची आणि तिच्यामागे भक्कम गज, असं करा. नुसती जाळी कात्रीनं कापता येते.

कुलूप कोणतं? डिजिटल घ्यावं का?

अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली, त्याआधीपासून आपल्याकडे कडी-कोयंडा आणि आतून आडवा अडसर होता. त्या अडसराचं तत्त्व आजही खरं आहे : जोर कुलपावर नको, चौकटीवर आणि भिंतीवर पडला पाहिजे. चोर क्वचितच कुलूप उघडतो, तो कुलपाजवळची चौकट फोडतो. म्हणून महागडं कुलूप घेऊन ते पाऊण इंचाच्या स्क्रूवर लटकवू नका. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत जाते तिला अडीच-तीन इंचांचे स्क्रू लावा. आत एक वेगळी जाड कडी असू द्या. भरीव सागवानी पानाला चार बिजागऱ्या, फ्लश डोअरला तीन.

डिजिटल कुलपाची सोय मोठी आहे, शाळेतून येणाऱ्या मुलाला किल्ली सांभाळावी लागत नाही. पण घेताना तीन प्रश्न विचारा. सेल संपले तर बाहेरून तात्पुरती वीज देता येते का? साधी किल्ली आहे का? आणि आतून, अंधारात, धुरात, कुठलीही किल्ली किंवा अंक न वापरता एका झटक्यात उघडतं का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर ते कुलूप घरात आणू नका. रात्री आतून किल्लीनं कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

उंबरठा ठेवावा का? सासूबाईंना हवा आहे, नवरा म्हणतो अडखळायला होतं.

दोघांचंही बरोबर आहे. या प्रश्नावर माझ्यासमोर घरांमध्ये खूप वाद झाले आहेत.

उंबरठा म्हणजे नुसती पट्टी नव्हे. नवी सून माप ओलांडून आत येते ती इथून, सकाळी हळदकुंकू पडतं ते इथे. नरसिंहानं हिरण्यकश्यपूला मारलं ते ना आत ना बाहेर, उंबरठ्यावर. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांचे पाय आपल्याला लागावेत अशी नामदेवांची इच्छा होती, आणि आज वारकरी त्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जातात. समोरच चोखोबांची समाधी आहे. आत जाऊ न दिलेल्या माणसाची जागा दाराशीच राहिली. दाराच्या त्या अरुंद जागेला आपल्याकडे किती अर्थ आहे, हे तिथे उभं राहिलं की कळतं. सासूबाईंचा आग्रह त्यातून येतो, तो हलका लेखू नये.

उंबरठ्याचं साधं कामही आहे. तो चौकटीच्या दोन बाह्या खालून बांधून ठेवतो, पावसाचं वाहतं पाणी, झुरळं, गोम, विंचू अडवतो. बैठ्या घरात मी तो नेहमी ठेवते.

अडचण उंचीची आहे. जुन्या घरांतला चार-सहा इंचांचा उंबरठा ठळक दिसतो, पाय आपसूक उचलला जातो. घात होतो तो एक-दीड इंचाच्या, फरशीच्याच रंगाच्या पट्टीनं. म्हणून नव्या घरात उंबरठा अर्धा इंच उंच, दोन्ही कडा उतरत्या आणि रंग फरशीपेक्षा गडद. सागाची पट्टी किंवा काळा दगड, वर पितळेची पातळ पट्टी. हळदीचा डाग पितळेवरून पुसता येतो, फिक्या पॉलिशवरून जात नाही. चाकाची खुर्ची अर्ध्या इंचावरून जाते आणि सासूबाईंना रोजची पूजा करता येते. आजवर हा तोडगा कुणी नाकारलेला नाही.

दार कोणत्या दिशेला असावं? वास्तूप्रमाणे पूर्वच हवी का?

ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी बांधकामाच्या आधी, प्लॅन कागदावर असतानाच ते ठरवावं. बांधलेल्या फ्लॅटचं दार दिशेसाठी हलवू नका. भिंत भार घेणारी असू शकते, शिवाय परवानगीशिवाय ते बेकायदाही आहे.

मी दिशेकडे पाऊस आणि ऊन म्हणून बघते. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. दार पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल तर झड थेट पानावर आपटते आणि दुपारचं ऊन पॉलिश जाळतं. अशा दाराला चार फुटांचा छज्जा किंवा पडवी हवीच. हल्ली दारावर एक फुटाची सिमेंटची पट्टी काढून तिला छज्जा म्हणतात. तिच्याखाली छत्री मिटतानाच माणूस भिजतो. पूर्वेच्या दाराला अडीच-तीन फूट पुरतात. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा, नाहीतर पाणी स्लॅबच्या पोटाला चिकटून परत चौकटीपर्यंत येतं. आणि पागोळी नेमकी पायरीवर पडत नाही ना, ते पहिल्या पावसात उभं राहून बघा.

दारापुढच्या पायऱ्या आणि फरशी कशी असावी?

दारापुढे लगेच पायरी नको. आधी चार फुटांची सपाट जागा, मग पायरी. दार उघडणाऱ्याला पाहुण्यासाठी मागे सरकावं लागतं आणि पाहुण्यालाही उभं राहायला जागा लागते. पायरीची उंची सहा इंच, रुंदी बारा इंच, सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या. एक जरी अर्ध्या इंचानं वेगळी झाली तर तिथेच माणसं पडतात. उतार करायचा असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांबी. जागा कमी म्हणून सहा फुटांत उतरवलेला उतार चाकाच्या खुर्चीला घातकच.

दगड खडबडीत घ्या : टाकी मारलेला बेसाल्ट, न घासलेला शहाबाद, आगीची ज्योत फिरवून खडबडीत केलेला ग्रॅनाइट. चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल दाराबाहेर अजिबात नको, विकणारा ‘अँटिस्किड’ म्हणाला तरी दुकानातच तिच्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहून पाहा.

चपला कुठे? पॅसेजमध्ये कपाट ठेवलं तर चालतं का?

पॅसेज तुमचा नाही, सगळ्यांचा आहे. आग लागली की धुरात माणसं भिंतीला हात लावत बाहेर येतात, त्या वाटेत चपलांचं कपाट म्हणजे अडथळा आणि जळण दोन्ही. आत जागा करा.

साधं कपाट बारा ते चौदा इंच खोल लागतं. जागा नसेल तर तिरप्या फळ्यांचं, खाली झुकून उघडणारं सात ते नऊ इंचांत होतं. दारांना जाळी किंवा झडपा ठेवा, बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी हमखास. माणशी चार जोड धरा आणि वर सहा पाहुण्यांचे. ओल्या चपलांसाठी खाली उघडी जागा ठेवा, तिथे काठ असलेला ट्रे. कपाटाचा वरचा भाग सोळा-सतरा इंचांवर ठेवला तर तेच बसायला होतं. शेजारी छत्र्यांसाठी खाली निचरा असलेली बादली, हेल्मेटसाठी दोन खुंट्या, आणि कंबरेच्या उंचीवर एक छोटी फळी. हातातली पिशवी टेकवून किल्ली काढायला दाराबाहेर अशी फळी असली तर त्याहून बरं.

दार उघडलं की स्वयंपाकघरापर्यंत सगळं दिसतं. आडोसा कसा करायचा?

दाराच्या आत चार फूट बाय चार फूट मोकळी जागा राहत असेल तरच आडोसा करा. जाळीचा, फळ्यांचा, कमरेपर्यंत भरीव आणि वर उघडा, असा काहीही चालेल, पण उजेड अडवू नका. जागा नसेल तर नुसता पडदाही पुरतो. जुन्या वाड्यांत देवडी असायची, ओटी-पडवी असायची, माणूस टप्प्याटप्प्यानं आत यायचा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो टप्पा फरशीचा रंग बदलूनही दाखवता येतो. दिव्याची बटणं मात्र कुलपाच्या बाजूच्या भिंतीवर घ्या, दारामागे नकोत. अंधारात दार बंद करून मग दिवा शोधावा लागतो.

तोरण, रांगोळी, गुढी यांची सोय आधीच करता येते का?

करायलाच हवी! दर दसऱ्याला सागवानी चौकटीत नवे खिळे ठोकलेले बघून मला फार वाईट वाटतं. चौकट बसवतानाच वरच्या आडव्या पट्टीत दोन्ही टोकांना पितळेच्या छोट्या हुकांची सोय करा. गुढीच्या काठीसाठी दाराच्या बाजूला भिंतीत वर-खाली दोन कड्या बसवा, वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. रांगोळीसाठी दारापुढे दोन फूट बाय दोन फूट काळा, किंचित खडबडीत कडप्पा. पांढऱ्या टाइलवर पांढरी रांगोळी दिसत नाही आणि गुळगुळीत दगडावर ती पायानं लगेच पसरते. चौकटीच्या बाजूला एक छोटा कोनाडा ठेवला तर पणतीला वारा लागत नाही, आणि एरवी किल्ल्या तिथे राहतात.

पाटीवर घरातल्या बाईचंही नाव घाला. अक्षर लांबून वाचता येईल एवढं मोठं ठेवा आणि दिवा पाटीवर पडेल असा लावा. बेल चार फुटांवर, मुलाचा हात पोचेल अशी.

जुन्या वाड्याचं दार मिळतंय. नव्या घराला बसेल का?

बसेल, पण आधी मापं घ्या. जुनी दारं बऱ्याचदा साडेपाच-सहा फुटांचीच असतात. त्यांना बिजागऱ्या नसतात, फळीचाच वर-खाली ठेवलेला गोल खुंट चौकटीतल्या खळग्यात फिरतो. म्हणून पान एकटं विकत घेऊ नका, चौकटीसकट घ्या. वजन बघून भिंत आणि वरची तुळई ठरवावी लागते. खळग्याच्या जागी लाकूड झिजलंय का, पोकळ वाजतंय का, खालच्या टोकाला वाळवीची माती आहे का, एवढं तपासा. जुना रंग जाळून काढू नका, हातानं खरवडा, खाली बहुतेक वेळा सुंदर लाकूड निघतं. गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी) असेल तर तिला पॉलिशच्या जाड थराखाली बुजवू नका.

भाड्याच्या घरात काय करता येईल?

भिंतीला न ठोकता उभं राहणारं चपलांचं कपाट, एक स्टूल, चांगला जाड पायपुसणा आणि दारावरचा उजळ दिवा. सेफ्टी डोअरबद्दल मालकांशी बोला, अर्धा खर्च द्यायला काही जण तयार होतात.

देखभाल किती करावी लागते?

वर्षातून दोनदा अर्धा तास. मे महिन्याच्या शेवटी दार कोरड्या फडक्यानं पुसून बिजागऱ्यांना तेल द्या, कुलपात मात्र तेल न घालता पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, तेलानं धूळ चिकटते. दिवाळीच्या आधी कडा तपासा. तेल-पॉलिशचं दार असेल तर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा एक पातळ हात द्या आणि तासाभरानं उरलेलं पुसून काढा. ती तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून, मग बाहेर सावलीत मोकळी पसरून वाळवा आणि टाकून द्या.